मुक्कामाची उंची आधी लिहा

स्वतःच्या हिमतीवर उंचावरचा ट्रेक आखताना बहुतेक जण किलोमीटर मोजत बसतात. मोजायची असते ती झोपायच्या जागेची उंची. ३००० मीटरच्या वर गेलात की रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नको आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. दिवसा आणखी वर चढून खाली झोपायला आलात तर उत्तमच. डोकं दुखून मळमळायला लागलं तर वर जायचं नाही. आराम पडत नसेल तर सरळ खाली उतरायचं. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी न थांबता खाली उतरा. एकट्याच्या बेतात दोन दिवस मोकळे ठेवाच, परतीचं तिकीटही त्यानंतरचंच काढा.