शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा: ठाणे-नवी मुंबईत अर्ज करण्याआधी

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. उत्पन्न वाढेल तशी सवलत हळूहळू कमी होत नाही. मर्यादा ओलांडली की सगळीच जाते. समजा, इंजिनीअरिंगची ट्यूशन फी १,२०,००० रुपये आहे आणि मुलाला निम्मी, म्हणजे ६०,००० माफ आहे. वडिलांच्या ओव्हरटाइममुळे उत्पन्न ८,१०,००० झालं, तर वरच्या १०,००० पायी ६०,००० गेले. त्यात ऐरोलीत घरभाडं भरणाऱ्याला आणि गावी स्वतःच्या घरात राहणाऱ्याला मर्यादा एकच. हा सरळ अन्याय आहे.

म्हणून आधी योजना नीट ओळखा. अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीची मर्यादा २.५ लाख, म्हणजे महिना २०,८३३ रुपये. त्याच्या वर गेलात तरी अर्ज सोडू नका. फ्रीशिपमध्ये, म्हणजे शुल्कमाफीच्या योजनेत, शिक्षण आणि परीक्षा शुल्क मिळतं, फक्त निर्वाह भत्ता मिळत नाही. ८ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४-२५ पासून निम्म्याऐवजी पूर्ण शुल्कमाफी आहे. शाहू महाराज योजनेसाठी प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा चालत नाही.

सगळ्यात जास्त घोळ नॉन-क्रिमी लेयरचा, म्हणजे मागास वर्गातल्या उन्नत गटात नसल्याच्या दाखल्याचा, होतो. तो दाखला देताना उत्पन्न मोजण्याची पद्धत वेगळी आहे: पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीला मात्र पगारही धरतात. त्यामुळे नॉन-क्रिमी लेयर हातात असूनही अर्ज बाद होऊ शकतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेगळा काढावाच लागतो.

तो आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून मिळतो. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली ठाणे तालुक्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल तालुक्यात, जिल्हा रायगड. "नवी मुंबई" म्हणून ठाणे निवडलंत तर खारघरचा अर्ज परत येतो. सोबत आधार, रेशन कार्ड, नोकरदारांचा फॉर्म १६ आणि स्वयंघोषणापत्र ठेवा. आई-वडील दोघंही कमावत असतील तर दोघांचं उत्पन्न दाखवा. लपवलेला पगार फॉर्म १६ मधून उघडा पडतो. दाखल्यावरचं आर्थिक वर्षही तपासून घ्या, कारण जुन्या वर्षाचा दाखला कॉलेज परत पाठवतं.

महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या सरकारी पोर्टलवर, दाखल्याचा बारकोड क्रमांक टाकल्यावर आलेली रक्कम आणि नाव कागदाशी ताडून बघा. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर पैसेही अडकतात.

दाखला १५ दिवसांत मिळायला हवा. उशीर झाला किंवा नाकारला, तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ३० दिवसांत पहिलं अपील करा. नाकारल्याचं कारण लेखी घ्या.

मर्यादा बदलणं मात्र तहसीलदारांच्या हातात नाही. ती शासन निर्णयाने ठरते. निवेदन उच्च व तंत्रशिक्षण विभागाला द्या, अनुसूचित जातीच्या योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाला, आणि प्रत आपल्या आमदारांना. त्यात घरभाड्याची पावती, फीची पावती आणि वरच्यासारखा हिशेब जोडा. मागणी नेमकी करा: ८ ते १० लाखांच्या टप्प्यात सवलत पायरीपायरीने कमी करावी.