डीएनएसचं काम शिकताय? आधी आरएफसी ७७२० वाचा

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये नेटवर्कच्या मुलाखतीला येणाऱ्या फ्रेशर्सना मी हमखास विचारतो, डीएनएसचे, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेच्या मुळाशी असलेले, रूट सर्व्हर किती? '१३' असं झटकन उत्तर येतं. नावं १३ खरी, ए ते एम. पण चालवणाऱ्या संस्था १२, कारण ए आणि जे दोन्ही व्हेरिसाइनकडे आहेत. शिवाय एनीकास्टमुळे (एकच पत्ता अनेक ठिकाणच्या मशीनना देण्याची पद्धत) प्रत्यक्षात जगभर हजारावर ठिकाणी ते चालतात. हेही काही जण सांगतात. मग या सर्व्हरना काय काय यायलाच हवं, असं विचारलं की गाडी अडते.

उत्तर डिसेंबर २०१५च्या आरएफसी ७७२० मध्ये आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या कामकाजाचा जाहीर तांत्रिक दस्तऐवज). त्याआधीच्या, २००० सालच्या आरएफसी २८७० मध्ये इमारतीची सुरक्षा, वीज, आगीची सूचना असलंही बरंच होतं. नव्यात ते काढून टाकलंय. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बरच्या एका फेरीत वाचून होतो, बसायला जागा मिळाली तर.

७७२० नुसार आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची जुनी आणि नवी पद्धत), यूडीपी आणि टीसीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती, पहिली थेट, दुसरी आधी जोडणी करून) हे सगळं सक्तीचं. ईडीएनएस (मोठी उत्तरं वगैरेंसाठी डीएनएसची वाढीव सोय) आणि डीएनएससेक (डिजिटल सहीने उत्तराचा खरेपणा पटवणं) हवंच. यूडीपी चेकसम (वाटेत डेटा बिघडला का, ते ओळखायचा आकडा) पाठवताना घालायचा, घेताना तपासायचा. नवं आलं म्हणून जुनं काढायची मुभा नाही. रूट सर्व्हरचे आयपीव्ही६ पत्ते रूट झोनमध्ये (रूट सर्व्हर जी माहिती देतात तिच्या यादीत) २००८ साली आले, झोनवर सही २०१० साली झाली. तरी ईडीएनएस न कळणारा जुना क्लायंटही आजच्या रूटकडून उत्तर घेऊ शकतो.

कसं, ते स्वतः बघा. डिगने (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) एखाद्या रूट सर्व्हरला रूटची डीएनएसकी (सही तपासायची चावी) विचारा, नोईडीएनएस (ईडीएनएस वापरू नको) आणि इग्नोर (उत्तर अपुरं आलं तरी टीसीपीवर जाऊ नको) हे पर्याय लावून. उत्तर ५१२ बाइटांत मावत नाही, म्हणून फ्लॅग्जमध्ये टीसी (उत्तर कापलं गेल्याची खूण) दिसतं. आता इग्नोर काढा. डिग आपणहून टीसीपीवर जातो आणि पूर्ण उत्तर आणतो. 'टीसीपी पोर्ट ५३ फक्त झोन ट्रान्सफरला (झोनची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर न्यायला) लागतो' असं समजून फायरवॉलवर तो बंद करणारे अजूनही भेटतात. तिथे हीच चाचणी लटकते. माझ्या मते सर्टिफिकेटच्या ढिगापेक्षा एवढं करून आलेला उमेदवार कामाचा.

हीच चाचणी आयपीव्ही६वरूनही करा. घरच्या वायफायवर झाली नाही, तर जिओच्या हॉटस्पॉटवरून करून पाहा.