खिशातल्या पिस्तुलाचं काडतूस

ओझरला आमची द्राक्षबाग. हंगामात रोकड घेऊन फिरावं लागतं, म्हणून पिस्तुलाचा परवाना काढला. नव्या परवानाधारकांनी दुकानात नुसतं ‘बत्तीसची द्या’ (.३२ इंची काडतुसं) म्हणू नये. रिव्हॉल्व्हरचं .३२ वेगळं, पिस्तुलाचं .३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल), म्हणजे ७.६५ मिमी, वेगळं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. आधी परवान्यावरचा बोअर (नळीचं माप) वाचा, मग नळीवरचा शिक्का.

.२५ चं पिस्तूल खिशात कळतही नाही, पण गोळी ५० ग्रेन वजनाची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप); .३२ ची ७१. मी .३२ घेतलं. गोळी गोल टोकाची, धातूच्या पूर्ण आवरणाची. पोकळ टोकाची आखूड नळीतून हळू जाते, लागल्यावर बऱ्याचदा उमलतच नाही, म्हणजे फुलून पसरत नाही. शिवाय तिचं काडतूस अनेकदा बुटकं असतं, मॅगझिनमध्ये (काडतुसं भरायच्या पेटीत) मागेपुढे सरकतं.

माझं पिस्तूल सरावात असंच अडकलं होतं. .३२ च्या बुडाला बारीक कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की संपलं, झटके देऊन सुटत नाही. मॅगझिन भरताना वरची कड पुढेच ठेवा, बोटाने चाचपून बघा.

आणि पावसाळ्यात घामट खिशात राहिलेली काडतुसं हिरवी पडली तर ती वापरू नका.