हॅवलॉकला जाताय? हॉटेलच्या आधी भरती-ओहोटी बघा

अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर जायचं म्हटलं की सगळे आधी विचारतात कुठल्या महिन्यात जाऊ, आणि मग पॅकेज घेऊ का आपलं आपण करू. प्रश्न बरोबरच आहेत, पण मला विचाराल तर तिथे मजा येणार की नाही हे ठरतं पाणी कधी येतं नि कधी जातं त्यावर. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारी दोनला काला पत्थर बीचवर पोचलो, फोटोत बघितलेलं ते निळंहिरवं पाणी कुठेच नाही, समुद्र पार आत गेलेला आणि मधे नुसते खडक नि शेवाळ. मी आपली हट्टाने चपला काढून आत गेले आणि तळपाय कापून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिथेच गेलो तर पाणी रस्त्याच्या कडेपर्यंत आलेलं, आणि नवरा म्हणाला अगं हा तोच बीच आहे का?

तर तेच सांगायला हे लिहितेय.

आधी नावांचा घोळ मिटवते कारण बुकिंग करताना गोंधळ होतो. हॅवलॉकचं नाव डिसेंबर २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, शेजारच्या नील बेटाचं शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअरचं सप्टेंबर २०२४ मधे श्री विजयपुरम झालं. बोलताना सगळे अजून जुनीच नावं घेतात, तिकिटावर मात्र नवीन दिसू शकतं, घाबरू नका, बरोबर बोटीत आहात. भारतीयांना परमिट वगैरे काही लागत नाही, पण ओरिजिनल आयडी जवळ ठेवा, लहान मुलांचा पण, बोटीत चढताना बघतात.

सीझन म्हणाल तर डिसेंबर ते एप्रिल. त्यातही फेब्रुवारी-मार्च मला सगळ्यात आवडतो, समुद्र शांत असतो आणि ख्रिसमसची गर्दी गेलेली असते. मे च्या दुसऱ्या पंधरवड्यात मान्सून सगळ्यात आधी अंदमानलाच पोचतो, त्यामुळे मे च्या सुट्टीत जाऊ असं ठरवणाऱ्यांनी महिन्याच्या सुरुवातीलाच उरकून घ्यावं. नोव्हेंबर-डिसेंबरमधे बंगालच्या उपसागरात मधेच एखादं वादळ उठतं हे पण डोक्यात ठेवा. डिसेंबर २०१६ मधे अशाच हवेमुळे हजाराच्या वर टुरिस्ट हॅवलॉकवर अडकले होते आणि त्यांना बाहेर काढायला नेव्हीची जहाजं पाठवावी लागली होती. रोज असं होत नाही, पण बोट कॅन्सल होणं हे तिथे काही नवल नाही.

म्हणून माझा एक नियम आहे, परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरला मुक्काम. सकाळची बोट पकडून दुपारचं विमान असले हिशेब करू नका. आमच्या ओळखीत एका कुटुंबाने केला होता, बोट साडेतीन तास लेट झाली, बोटवाल्यांनी तिकिटाचे पैसे परत दिले पण विमानाचे कोण देणार? पाच जणांची तिकिटं परत काढावी लागली त्यांना.

बोटीचं बुकिंग हॉटेलच्या आधी करा. लोक उलटं करतात आणि मग बोटीची वेळ जुळत नाही म्हणून रडतात. प्रायव्हेट कॅटामरान, म्हणजे वेगाने जाणाऱ्या बोटी, आहेत तीन-चार कंपन्यांच्या, एसी, विमानासारख्या सीट, पोर्ट ब्लेअरहून दीड ते दोन तासात सोडतात. सरकारी बोट स्वस्त असते, वेळ जास्त लागतो, अडीच तास धरा, पण तिच्या डेकवर उभं राहता येतं आणि नशीब असेल तर डॉल्फिन दिसतात. मला स्वतःला सरकारी आवडते, सासूबाईंना अजिबात नाही. बोट लागते त्यांनी निघायच्या तासभर आधी गोळी घ्या, मधल्या किंवा मागच्या बाजूची खालची सीट घ्या, आणि पुढे बसून मोबाईल बघत बसू नका.

आता बीचेस, हा खरा विषय.

हॅवलॉकवर गावांना नंबर आहेत, सगळे रिक्षावाले नंबरच बोलतात. १ नंबरला जेटी, ३ नंबर म्हणजे गोविंदनगर, तिथे मार्केट, ५ नंबर विजयनगर, ७ नंबर राधानगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं होतं, म्हणून गावांची नावं अशी, आणि म्हणूनच ३ नंबरच्या मार्केटमधे मासे-भाताची थाळी अशी मिळते की रिसॉर्टमधलं जेवण विसरा. तर नंबर लक्षात ठेवायचे ते दिशेसाठी. ३ आणि ५ नंबर आणि पुढे काला पत्थर हे सगळं पूर्वेकडे, राधानगर पश्चिमेला. दोन बाजूंचा समुद्र पूर्ण वेगळा वागतो.

पूर्वेकडे किनारा उथळ आहे, लांबपर्यंत खडक आणि कोरलचा (प्रवाळाचा) सपाट भाग. भरती असली की स्वप्नातलं पाणी, ओहोटी असली की चिखल खडक खेकडे. पोहायचं असेल तर भरतीच्या वेळेच्या आगेमागे दोन तास, बस. विजयनगरला राहायला छान, झाडं पाण्यावर वाकलेली, सकाळी खोलीतून उठून सूर्योदय बघता येतो, पण "बीचफ्रंट" म्हणून जास्त पैसे मोजाल आणि अर्धा दिवस समोर पाणीच नसेल हे माहीत असू दे. रिसॉर्टवाले फोटो भरतीचेच टाकतात, साहजिक आहे.

राधानगर मात्र वाळूचा, लांबलचक, मागे उंच झाडांचं जंगल. टाइम मासिकाने २००४ मधे आशियातला बेस्ट बीच म्हटलं तेव्हापासून तो फेमस, २०२० मधे स्वच्छ, सुरक्षित बीचना देतात तो ब्लू फ्लॅग पण मिळाला. इथे ओहोटीला सुद्धा पोहता येतं कारण खाली वाळू आहे. पण इथे लाटा असतात, पाणी पटकन खोल होतं, आणि लाईफगार्ड शिट्टी मारतात तेव्हा बाहेर यायचं असतं, वाद घालायचा नसतो. आणि हो मगर. हसू नका, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, २०१० मधे राधानगरजवळच एका अमेरिकन टुरिस्ट मुलीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला होता. त्यामुळे जिथे लाईफगार्ड आहेत तेवढ्याच भागात उतरायचं, बोर्ड लावलाय तिथे नाही, खाडीच्या नि खारफुटीच्या तोंडाशी तर अजिबात नाही, आणि अंधार पडायला लागला की बाहेर.

अंधार म्हटलं की आठवलं, तिथे सूर्य फार लवकर मावळतो. घड्याळ आपलंच आहे पण बेट खूप पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरात पाच-सव्वापाचला सूर्य गायब. राधानगरला सनसेट बघायचा म्हणून लोक पाच वाजता जेटीहून निघतात आणि पोचेपर्यंत काळोख. साडेतीनला तिथे हजर असा, तासभर डुंबा, मग बसून सनसेट बघा. तसाच सूर्योदय पण लवकर, म्हणजे दिवस पहाटे पाचला सुरू करायचा आणि रात्री नऊला झोपायचं. ज्यांना सुट्टीत दहाला उठायचं असतं त्यांचं हॅवलॉकवर अर्धं बेट बघायचं राहून जातं.

आता वेळापत्रक कसं काढायचं. नेटवर पोर्ट ब्लेअरचं टाइड टेबल मिळतं, हॅवलॉकला तेच साधारण चालतं, नाहीतर डाईव्ह सेंटरच्या भिंतीवर लिहिलेलं असतं किंवा सरळ रिसॉर्टच्या माणसाला विचारा. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आज भरती सातला असेल तर परवा साडेआठच्या पुढे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं पण. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, फरक कमी, तेव्हा पूर्वेकडचे बीच दिवसभर बऱ्यापैकी ठीक असतात. लहान पोरं घेऊन जाताय आणि तारखा तुमच्या हातात आहेत तर अष्टमीच्या आगेमागे जा, हा सल्ला तुम्हाला कुठला पॅकेजवाला देणार नाही.

याला एक उलटी बाजू आहे. रात्री खारफुटीत कयाक घेऊन जातात आणि वल्हं मारलं की पाणी निळं चमकतं, ते बघायचं तर अंधारी रात्र पाहिजे, म्हणजे अमावास्या, म्हणजे उधाण. दोन्ही नाही मिळत. आम्ही दुसऱ्या खेपेला अमावास्या निवडली, दिवसा काला पत्थरला खडक बघितले आणि रात्री ते पाणी. मला तरी पटलं.

एलिफंट बीचला स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे मास्क नि नळी लावून वरूनच पाण्याखालचं बघायला जातात. जेटीवरून स्पीडबोट असते, वीस मिनिटं, किंवा जंगलातून चालत, पण पावसानंतर ती वाट म्हणजे नुसता चिखल. पहिल्या बोटीनेच जा, अकरानंतर जेट स्की, बनाना बोट आणि गर्दी, पाणी पण गढूळ होतं. तिकिटात जे स्नॉर्केलिंग धरलेलं असतं ते अगदीच थोडा वेळ, रिंग धरून ओढत नेतात, थोडे जास्त पैसे देऊन लांबची फेरी घ्या. कोरल आधीसारखं राहिलं नाहीये, २०१० मधे पाणी तापून खूप पांढरं पडलं आणि मेलं, तरी मासे भरपूर. फक्त कोरलवर उभं राहू नका प्लीज, दमलात तर पाठीवर तरंगा. बेटावर पूर्वी लाकूडतोडीसाठी हत्ती आणले होते, नाव त्यावरून. आता हत्ती वगैरे दिसणार नाही.

स्कूबा करायचंच असेल तर इथेच करा. पोहता येत नसलं तरी पहिल्यांदा करणाऱ्यांसाठीचा डाईव्ह असतो, इन्स्ट्रक्टर धरून नेतो, जास्तीत जास्त १२ मीटर, वय किमान १०. दमा असेल, कान दुखत असेल, सर्दी असेल तर फॉर्मवर खरं लिहा, नाक चोंदलेलं असताना खाली गेलात तर कानाची वाट लागते. आणि डाईव्हनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नाही, २४ धरा म्हणजे टेन्शन नको. म्हणून स्कूबा पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी उरकायचा, शेवटच्या दिवशी नाही. स्वस्तातला सेंटर शोधू नका, एका इन्स्ट्रक्टरकडे एकच माणूस आहे ना एवढं विचारा.

नीलला एक दिवस तरी द्या, जमलं तर एक रात्र. ज्या ओहोटीला आपण इतका वेळ शिव्या घातल्या तीच तिथे कामाला येते, लक्ष्मणपूरला दगडाची नैसर्गिक कमान आहे, तिथे ओहोटीलाच जाता येतं, आणि खडकांच्या डबक्यांत समुद्रकाकडी, खेकडे, छोटे मासे अडकलेले असतात. जाताना पायात घट्ट बसणारे रबरी शूज घाला, स्लिपर नको, माझ्या तळपायाला विचारा.

फिरायला स्कूटर घ्या, लायसन्स पाहिजे. राधानगरचा रस्ता चढउताराचा आणि संध्याकाळी दिवे नाहीत, परतताना हळू. ऑगस्ट २०२० मधे समुद्राखालून केबल आली तेव्हापासून नेट बरंच सुधारलंय, पण यूपीआयच्या भरवशावर राहू नका, कॅश ठेवा. एटीएम आहेत पण सीझनमधे कधी रिकामी असतात. सँडफ्लाय म्हणजे वाळूतले बारीक किडे चावतात, ते डासासारखे दिसत नाहीत आणि खाज दोन दिवसांनी सुरू होते, संध्याकाळी वाळूवर उघड्या पायांनी लोळत पडू नका, चावल्यावर नखाने खाजवू नका.

रिसॉर्ट दरवर्षी वाढतायत, पण गोडं पाणी तेवढंच आहे आणि कचरा जायला जागा नाही. खोलीतल्या टबबिबचा हट्ट सोडा, स्वतःची बाटली न्या, प्लॅस्टिक परत आणा. कुरकुरे-चिप्सची रिकामी पाकिटं बॅगेत परत आणायला वजन लागत नाही.

आणि शिंपले-कोरल उचलू नका, मेलेलं सुद्धा नाही, बेकायदेशीर आहे आणि एअरपोर्टवर स्कॅनरमधे दिसतं. आमच्या पोराच्या खिशात बोटाएवढा पांढरा तुकडा निघाला, कधी घातला त्यालाच माहीत नाही, तिथल्या सिक्युरिटीच्या काकांनी शांतपणे हात पुढे केला आणि त्याने दिला. टेबलाखाली एक खोकं होतं, अशाच तुकड्यांनी भरत आलेलं. चेक इन करायच्या आधी पोरांचे खिसे उलटे करून बघा.