लर्निंग लायसनच्या परीक्षेत नापास झालात? आता असा अभ्यास करा

गावात ऑनलाइन फॉर्मचं दुकान असल्यामुळे लर्निंगला नापास झालेली पोरं आधी माझ्याकडेच येतात. त्यांत हँडल कधी न धरलेले कमी. मिसरूड फुटायच्या आधीपासून वावरात गाडी नेणारेच जास्त. "गाडी तर येते ना भाऊ, मग हे काय विचारून राहिले?" गाडी येते, हीच तर अडचण.

फेरपरीक्षेची 50 रुपये फी भरा आणि तारीख घ्या. उद्याचीच नको, दहाएक दिवस पुढची.

"पर्यायांचे नंबर पाठ कर" असं सांगणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. प्रत्येकाला प्रश्न वेगळे येतात. पास व्हायला 60 टक्के लागतात, म्हणजे 15 प्रश्न असतील तर 9.

खरी माती होते ती चिन्हांत. आपल्या रस्त्यावर पाट्या असतात तरी किती? एक शाळेची, एक वळणाची. त्याही पऱ्हाटीआड नाहीतर कुणाच्या वाढदिवसाच्या बॅनरखाली. जी कधी पाहिलीच नाहीत ती चिन्हं परीक्षेत ओळखणार कशी? मलाही ती डोक्यात बसायला वेळ लागला.

म्हणून चित्र नंतर, आधी आकार आणि रंग. लाल काठाचा त्रिकोण: सावध राहा. लाल काठाचं वर्तुळ: मनाई किंवा मर्यादा. निळं वर्तुळ: हे करावंच लागेल. निळा चौकोन: माहिती. अष्टकोनी 'थांबा' आणि उलट्या त्रिकोणाचं 'रस्ता द्या' ही दोन मात्र वेगळी. एवढं पक्कं झालं की चुकीचे पर्याय आपोआप गळू लागतात.

मग जोड्या लावा, कारण गफलत होते ती सारख्या दिसणाऱ्या चिन्हांत. लाल काठाच्या निळ्या गोलात एक तिरपी लाल रेघ असेल तर पार्किंगला मनाई; दोन रेघांची फुली असेल तर थांबायलाच मनाई. लाल काठात काट मारलेला बाण म्हणजे डावीकडे वळायचं नाही, निळ्या गोलातला पांढरा बाण म्हणजे वळायलाच पाहिजे आणि त्रिकोणातला बाण म्हणजे पुढे रस्ताच वळतो. तिन्हींत बाण डावीकडे! रेल्वेचंही तसंच: फाटकाचं चित्र असेल तर तिथे माणूस आहे, इंजिनाचं असेल तर नाही.

जुन्या कॅलेंडरची पानं कापून एका बाजूला चिन्ह स्वतःच्या हातानं काढा, मागे नाव लिहा. नावं छापलेल्या तक्त्यावरून नजर फिरवणं हा अभ्यास नव्हे. तिथे डोळा चित्राआधी नाव वाचतो. एसटीनं वर्ध्याहून यवतमाळला जाताना खिडकीशी बसा. नागपूर–तुळजापूर महामार्गावर पाटी दिसली की नाव मोठ्यानं म्हणा. शेजारचा पाहील, पाहू द्या.

नियमांच्या प्रश्नांत मात्र सवय दगा देते. आपल्याकडे जो जोरात हॉर्न वाजवतो तो आधी जातो. परीक्षेत तसं नाही. गोल चौकात आधीच आत असलेल्या गाडीला पहिला मान. सिग्नल-पोलीस नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. चिखलदऱ्याच्या घाटासारखा अरुंद चढ असेल तर चढणारी गाडी आधी, उतरणाऱ्यानं थांबायचं. असा प्रश्न आला की "मी काय करतो" हे विसरा.

हाताचे इशारे खुर्चीत बसून करून पाहा, सगळे उजव्या हाताचे. गाडीत ठेवायच्या कागदपत्रांची यादी एकदा वाचली की झालं.

शेवटी सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसनच्या सरकारी वेबसाइटवर, सराव चाचणी द्या, घड्याळ लावूनच. चुकलेला प्रश्न उत्तरासकट वहीत उतरवा. आधार वापरून घरून परीक्षा देणार असाल तर लाइट जायची वेळ टाळा. तालुक्याच्या आरटीओ शिबिरात देणार असाल तर पहिली एसटी पकडा.

लर्निंग मिळाल्यावर 30 दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. लर्निंगची मुदत 6 महिन्यांची आहे. कापूस वेचणीच्या धांदलीत ती निघून जाऊ देऊ नका.