कोडमधला क्लास दोन कामं करतोय, तरी एलकॉम-४ चं उत्तर १ च? माझा अनुभव

लक्षण: ऑर्डरचा हिशोब आणि पार्सल पाठवणं एकाच क्लासमध्ये कोंबलेलं, तरी कोड मोजणारं टूल एलकॉम-४ = १ दाखवतं, म्हणजे सगळं एकसंध (एलकॉम-४ म्हणजे सामायिक फील्डनं किंवा कॉलनं जोडलेल्या मेथड्सचे क्लासमध्ये किती वेगळे गट पडतात तो आकडा). डोकं फिरलं.

मर्यादा कडक करून उपयोग नाही, कारण १ च्या खाली जायला जागाच नाही. एलकॉमची चिदंबर-केमेरर यांची १९९४ ची जुनी व्याख्याही वापरून पाहिली (फील्ड सामायिक नसलेल्या मेथड-जोड्या वजा सामायिक असलेल्या, ऋण आलं तर ०), तिनं तर ० दिलं.

दोष लॉगरचा, म्हणजे प्रोग्राममध्ये काय घडलं याची नोंद करणाऱ्या फील्डचा. प्रत्येक मेथड त्याला हात लावते, त्यामुळे टूलच्या लेखी सगळ्या मेथड्स एकमेकींशी जोडलेल्या. ऑब्जेक्टचा मजकूर बनवणाऱ्या टू-स्ट्रिंग मेथडचंही तेच, ती सगळीच फील्ड्स वाचते.

आधी लॉगर आणि तत्सम सोयीची फील्ड्स मोजणीतून वगळा. मग कन्स्ट्रक्टर, टू-स्ट्रिंग, इक्वल्स, हॅशकोड काढा. फील्ड न वापरणारी सामायिक हेल्पर मेथडही काढा; एलकॉम-४ मेथड कॉलही धरतं, म्हणून तीही पूल बनते (हे सहसा निसटतं). आता मोजा.

माझ्याकडे चार मेथड्स उरल्या: एकूण आणि कर या दोघींत किंमत सामायिक, पत्तातपासणी आणि पाठवणी या दोघींत पत्ता. एलकॉम-४ आलं २. जुन्या व्याख्येनं सहा जोड्यांपैकी चार असंबद्ध, दोन संबद्ध, म्हणून ४ − २ = २. लॉगर धरला की सहाही जोड्या संबद्ध, ० − ६ ऋण, म्हणून ०.

क्लास त्याच दोन गटांवर तोडला. टूलमध्ये वगळण्याची सोय नसेल तर क्लासची प्रत काढून वगळायच्या ओळी कमेंट करा आणि प्रतीवर मोजा.