हापूसची घन लागवड केलीय ना, मग कात्री हातात घ्याच

10 बाय 10 मीटरवर हेक्टरी 100 कलमं बसतात, घन लागवडीत म्हणजे जवळजवळ लावली की 5 बाय 5 मीटरवर 400, पण छाटणी नाही केली तर सात-आठ वर्षांत फांद्या एकमेकांत शिरतात, आत ऊन पडत नाही आणि मोहोर फक्त वर शेंड्यालाच येतो. म्हणून पहिल्या वर्षापासूनच वळण लावा. कलम गुडघ्याच्या वर, साधारण 60-70 सेंमीवर शेंडा मारा म्हणजे वरचं टोक कापा, मग जे फुटवे येतील त्यातले चार दिशांचे तीन-चार ठेवा, बाकीचे काढून टाका, जीव तुटतो पण काढाच!

आता मेन गोष्ट. आंब्याच्या फांदीवर जिथे पालवी थांबलेली असते तिथे पानांचा दाट झुबका दिसतो बघा, त्या झुबक्याच्या वर कापलंत तर एकाच जागी पाच-सहा फुटवे येतात आणि पुढे फळांच्या वजनाने तिथूनच फांदी फाटते, त्यामुळे कट नेहमी झुबक्याच्या खाली घ्या, फुटवे सुटे आणि मजबूत येतात.

मोठ्या झाडांची छाटणी शेवटचा आंबा उतरला की लगेच, उशीर केलात तर नवी पालवी पक्व व्हायला वेळच मिळत नाही आणि त्या वर्षीचा मोहोर गेला. आधी मधली सरळ वर जाणारी फांदी काढा, उंची चार मीटरच्या आत ठेवा. आणि आपल्या कोकणातला पाऊस माहितीय ना, जखमेवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा, 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. नव्या पालवीवर शेंडा पोखरणाऱ्या अळीकडे पण लक्ष असू द्या.